लगोरीचं यंत्र

माझ्या मेहुण्यांइतका विचारी माणूस रेवसपासून हरिहरेश्वरपर्यंतच्या किनाऱ्यावर दुसरा झाला नसेल, आणि विचारी माणूस किती निर्दय असू शकतो हेही मला त्यांच्याचकडून कळलं. हे वाक्य मी परवा लिहिलं, काल खोडलं आणि आज पुन्हा लिहितो आहे, कारण ते खरं आहे. मला हळूच बोलता येतं. माणगावच्या एका शाळेत मी पस्तीस वर्षं ग्रंथपाल होतो. तिथे मोठ्याने बोलण्याची मनाई इतरांना होती, पण ती लागली मला. मला रागावून बोलता येत नाही, म्हणून लिहून रागावतो आहे. माझी थोरली बहीण, आमची ताई, गेल्या माघात गेली. मेहुणे म्हणजे तिचे यजमान. श्रीवर्धनला त्यांची सुपारीची बाग आहे. मी त्यांना भावोजी म्हणतो आणि ते मला मास्तर म्हणतात. मी मास्तर कधीच नव्हतो हे मी त्यांना चाळीस वर्षांत अनेकदा सांगितलं. "ग्रंथपाल होतो हो मी," म्हटलं की ते मान डोलावून म्हणायचे, "बघू."

हा "बघू" त्यांचा आवडता शब्द. तो नकार नव्हता. नकार मिळाला तर माणूस दुसरी वाट तरी धरतो. भावोजींच्या "बघू"त आशेला जेमतेम पुरेल इतकी जागा असायची आणि त्या जागेत माणूस वर्षानुवर्षं बसून राहायचा. एकदा त्यांची दाढ किडली. ती काढावी की भरावी यावर त्यांनी लवंगेचा बोळा तोंडात धरून दोन वर्षं विचार केला. दोन दातांच्या डॉक्टरांची मतं घेतली आणि मग त्या दोन मतांवर माझं मत घेतलं. शेवटी एका दुपारी भाकरी चावताना दाढ आपणहून हातात आली. ती तळहातावर ठेवून मला दाखवत म्हणाले, "बघितलंत मास्तर? मी घाई केली असती तर दोघांपैकी एक डॉक्टर उगाच बरोबर ठरला असता."

मासळी बाजारात तर त्यांची ख्याती होती. टोपलीपुढे उकिडवे बसायचे, सुरमईचे कल्ले उचलून बघायचे, डोळे बघायचे, उठायचे, पुढच्या टोपलीपर्यंत जायचे आणि परत पहिल्या टोपलीपाशी यायचे. एकदा मी बरोबर होतो. कोळीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दादा, त्या सुरमईला आता लाज वाटाया लागली. घेयाची हाय का नुसती बघून जायाचं?"

"बघू."

"बघा, बघा. ती मेली हाय म्हनून गप हाय. जिती असती तर तिनंच तुमाला इचारलं असतं."

भावोजी रागावले नाहीत, उठून चालू लागले. ती मला हळूच म्हणाली, "तुमची बहीन येल मागनं. तिच्यासाठी ठेवलीया मी बाजूला." चाळीस वर्षं त्या घरात मासे असेच आले. भावोजी बघून यायचे आणि ताई आणायची. जेवताना ते काटा काढत म्हणायचे, "मी बघितली त्याहून ही ताजी दिसते."

यामागे त्यांचं एक तत्त्वज्ञान होतं, आणि ते सुपारीतून आलेलं होतं. ओटीवर बसून अडकित्त्याने सुपारी कातरता कातरता त्यांनी ते मला किती वेळा सांगितलं असेल! "वरून सगळ्या सारख्या, मास्तर. फोडल्याशिवाय आतलं कळत नाही, आणि फोडलेली परत मिटत नाही. आता सांगा, शहाण्या माणसाने करायचं काय?" शहाण्या माणसाने काय करायचं ते मला ठाऊक नाही. पण याच माणसाने, वादळात बाग आडवी झाली तेव्हा, आठवड्याच्या आत नवी रोपं लावली होती. सुपारीचं रोप धरायला सहा-सात वर्षं घेतं आणि भावोजी तेव्हा सत्तरीला टेकले होते. कोणाला विचारलं नाही, एकदाही "बघू" म्हणाले नाहीत. मी आश्चर्याने बोललो तर म्हणाले, "झाडाचं सोपं असतं. चुकलं तर ते काही बोलत नाही."

ताईला बघायला ते तीनदा आले होते. पहिल्यांदा आईवडिलांबरोबर आणि दुसऱ्यांदा काकांबरोबर. तिसऱ्यांदा आले ते एकटे, एस.टी. चुकली म्हणून, असं सांगून. एस.टी. स्टँड आमच्या घरापासून दोन मैल होतं. माझ्या वडिलांचा संयम तोवर संपला होता. ताई पोह्यांची बशी घेऊन बाहेर आली, पण ती त्यांच्या हातात देईना. बशी धरूनच तिने विचारलं, "बघून झालं का?"

"झालं," ते म्हणाले.

"मग?"

"हो."

तेव्हा तिने बशी दिली. भावोजींनी एका प्रश्नाला एका शब्दात उत्तर दिल्याचा मला माहीत असलेला हा एकच प्रसंग, आणि ताईने त्याच्यावर सगळा जन्म काढला. "तिसऱ्यांदा हो म्हणतात ते," असं ती म्हणायची. "माणूस वाईट नाही, बाळू. फक्त तिसरी वेळ यावी लागते."

आता त्या यंत्राचं सांगतो. तीन वर्षांपूर्वी ताई आणि भावोजी खारघरला लेकीकडे राहायला गेले होते. जावयाने टीव्हीला जोडायचा एक खेळ घेतला होता. पडद्यावर एक लांब फळी दिसते, तिच्या टोकाला दहा बाटल्या उभ्या असतात. हातातला रिमोट चेंडू फेकल्यासारखा हलवायचा, की पडद्यावरचा चेंडू घरंगळत जाऊन बाटल्या पाडतो. ताई थोडा वेळ बघत बसली आणि म्हणाली, "अगं, ही तर लगोरी!" मग उठली, पदर खोचला, उजवा पाय मागे घेतला आणि हात असा काही फिरवला की दहाच्या दहा बाटल्या आडव्या. जावई ओरडला, "स्ट्राइक! आई, स्ट्राइक!" ताई दचकून म्हणाली, "कोणाचा संप?"

हे मला लेकीने, म्हणजे माझ्या भाचीने, फोनवर हसत हसत सांगितलं. मी हसलो नाही, कारण ताईचा तो हात मला माहीत होता. लहानपणी आमच्या आळीत तिच्या नेमाचा दबदबा होता. सात चपट्या दगडांची लगोरी ती एका फटक्यात उडवायची आणि मी धावत जाऊन ती परत रचायचो. मी दोन दगड रचेपर्यंत ती अंगावर चेंडू झेलत माझ्यापुढे उभी असायची. लग्नानंतर तिने चेंडू हातात धरल्याचं मला आठवत नाही. आता तिचे गुडघे गेले होते, देवळाच्या पायऱ्या चढवत नव्हत्या. पण हात शाबूत होता, आणि सहासष्टाव्या वर्षी तिला हे अचानक कळलं होतं.

श्रीवर्धनला परत आल्यावर तिने, मी समोर बसलो असताना, सुपाऱ्या निवडता निवडता म्हटलं, "अहो, मला ती लगोरी हवी." तिने स्वतःसाठी मागितलेली ती पहिली वस्तू. भावोजी अर्थातच म्हणाले, "बघू." त्यावर ताई हातातली सुपारी खाली ठेवून म्हणाली, "बघू म्हणजे... कधी?"

हा प्रश्न त्या घरात यापूर्वी कोणी विचारला नव्हता. भावोजी इतके हबकले की त्याच संध्याकाळी त्यांनी एक नवी वही आणली. यंत्राच्या शंका लिहायला.

पैशाचा प्रश्न नव्हता, हे इथे नोंदवून ठेवतो. प्रश्न होता यंत्र घेण्यालायक आहे की नाही, हा. त्यासाठी ते माणगावला माझ्याकडे आले आणि मी त्यांना हायवेवरच्या एका दुकानात नेलं. दुकानदार म्हसळ्याकडचा, दहा वर्षं कुवेतला राहून आलेला, मोठा गोड माणूस. भावोजींनी खुर्चीवर बसून वही उघडली आणि विचारलं, "लगोरीचं यंत्र आहे का तुमच्याकडे?"

"कसला यंत्र, काका? ज्यूसचा?"

"लगोरीचं. टीव्हीवरच्या."

शेवटी भाचीला फोन लावावा लागला. दुकानदाराने डोक्याला हात लावला. "अरे, गेमचा कन्सोल बोलताय तुम्ही! हाय ना. हा बघा." भावोजींनी खोका सगळ्या बाजूंनी पाहिला, कानाशी धरून हलवला आणि म्हणाले, "फोडून दाखवा."

"काका, फोडला तर कंपनी परत घेत नाय."

"आणि न फोडता आतलं कळणार कसं?"

"घेतल्याव कळंल ना."

भावोजींनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. सुपारीचा सिद्धांत कुवेतहून आलेल्या माणसाच्या मालालाही लागू पडला होता. "बघू," ते उठत म्हणाले. पहिली वेळ झाली.

दुसऱ्या वेळेला पुढचं वर्ष उजाडलं. मधल्या काळात शंका वाढून सत्तावीस झाल्या होत्या. खाऱ्या हवेने याचे भाग गंजतात का? लाइट गेली तर खेळ तिथेच थांबतो की हरल्यासारखा धरतात? डब्यावर मुलाचं वय किती हवं ते लिहिलं आहे, पण म्हातारपणाची वरची अट लिहिलेली नाही, ती कुठे मिळेल? दुकानदार प्रत्येक शंकेला हात जोडत होता. "काका, माझी अम्मी सत्तर वरसाची हाय. ती पन खेळंल. तुम्ही लिहून घ्या, मी सही देतो." भावोजींनी खरोखरच त्याची सही घेतली. मग वही मिटून म्हणाले, "होळीनंतर बघू." आम्ही निघताना तो माझ्या कानाशी म्हणाला, "तुमचे काका घेतील इन्शाल्ला. तवर नवा मॉडेल येल, मग परत पयल्यापासून." ती होळी आली आणि गेली. पुढच्या होळीचंही "नंतर" सुरू झालं.

कोणी म्हणेल, मग तुम्ही का नाही घेऊन दिलंत? मीही स्वतःला हेच म्हणतो, आणि माझ्या रागातला चांगला मोठा हिस्सा माझ्याच वाट्याचा आहे. मी विचारलं होतं. भाचीने तर जुनं देऊन टाकते म्हणून खोकाही बांधला होता. ताईने दोघांनाही थांबवलं. "नको रे बाळू. ते बघतायत ना. दोनदा बघून आलेत. मध्येच तू आणून ठेवलंस तर त्यांचं बघणं वाया जाईल." आणि मग हसून, "मलाही तीनदा बघूनच केलंय त्यांनी."

माघातल्या एका सकाळी बंबात पाणी तापत ठेवून ती खुर्चीत टेकली आणि उठलीच नाही. होळीला महिना होता.

दहाव्याला आम्ही हरिहरेश्वरला गेलो. तिथले कावळे सरावलेले असतात. गुरुजी पिंड ठेवून हात मागे घेतात न घेतात तोच शिवतात. त्या दिवशी ते समोर ओळीने बसले होते आणि एकही हलेना. ऊन चढलं. भाची रडत म्हणाली, आई, बाबांना एकटं ठेवणार नाही. मी म्हटलं, ताई, तुझी पुस्तकं आणि तुळस मी सांभाळीन. तिची एक जाऊ म्हणाली, वहिनी, लोणच्याच्या बरण्या तुझ्या तुझ्याच घरात राहतील. कावळे बसलेलेच. गुरुजी दमून म्हणाले, "काही मनात राहिलंय का बाईंच्या? कोणाला ठाऊक असेल तर बोला."

सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांनी भावोजींकडे पाहिलं. ते हात जोडून उभे होते, ओल्या पंच्यात, दाढीचे खुंट वाढलेले. त्यांचे ओठ हलले, घसा खाकरला, आणि ते पिंडाकडे बघत म्हणाले, "त्याचं... बघू आपण."

आणि कावळा आला! एकच आला, उडी मारून पुढे झाला, पिंडाला चोच लावली. गुरुजींनी सुटकेचा श्वास टाकला. बायकांनी डोळे पुसले. माझ्या मात्र अंगाची आग झाली. जन्मभर तिने जे केलं तेच तिने मेल्यावरही केलं होतं. "बघू"वर समाधान मानलं होतं. मी एवढा मोठा आवाज कधी काढला नव्हता, तो त्या दिवशी काढला. "आता काय बघणार, भावोजी? कोणासाठी बघणार? तीन वर्षं ती टीव्हीसमोरची जागा झाडून मोकळी ठेवत होती! तुम्हाला दिसली नाही ती? एवढं सगळं बघता तुम्ही, ती नाही दिसली?" समुद्राचा आवाज असतो तिथे, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.  भावोजींचे हात जोडलेलेच होते. तेराव्याला मी गेलो नाही. त्यानंतर पाच महिने आम्ही बोललो नाही.

गेल्या पंधरवड्यात मी त्या दुकानावरून जात होतो, तर दुकानदाराने हाक मारून आत बसवलं. "तुमचे काका येऊन गेले. लई दिवस झाले, पावसाच्या आधी. आले ते एकटेच. बोलले, द्या. मी बोललो, काय? बोलले, लगोरीचं. पाच मिनटांत घेऊन गेले. मी बोललो, काका, खोलून दाखवतो तुमाला. तर बोलले, नको, राहू द्या. मला तर शक आला, हा तोच माणूस हाय का." मग त्याने गल्ल्याखालून वही काढली. "ही इथंच राहिली त्यांची."

दुसऱ्याची वही वाचू नये हे मला कळतं. मी वाचली. सत्तावीसच्या पुढेही शंका होत्या, चाळीसपर्यंत. त्यांतल्या यंत्राबद्दलच्या अगदी थोड्या. "हात जोरात फिरवून तिचा खांदा निखळेल का?" "साडीत पाय अडकून पडली तर? टीव्हीखाली गोधडी घालावी काय." "हरली तर तिला वाईट वाटेल काय? (पूर्वी हरत नसे, असे मास्तर सांगतात.)" आणि सगळ्यांत शेवटी, वेगळ्या शाईत: "खेळ दोघांचा आहे. मला जमेल काय? माझं हसू होईल. तिला माझ्याबरोबर खेळायला आवडेल काय?"

ती वाचून माझा राग कमी झाला असेल असं कोणाला वाटेल. तो वाढला. एवढं सगळं त्या माणसाने वहीला सांगितलं, दुकानदाराला विचारलं, त्याची सही घेतली, आणि जिला विचारायचं ती हाताच्या अंतरावर सुपाऱ्या निवडत बसली होती! एका शब्दात उत्तर दिलं असतं तिने. त्या रागातच मी हे लिहायला बसलो.

इथवर लिहून मी चार दिवस थांबलो होतो. आज सकाळी फोन वाजला. श्रीवर्धनचा. मी घ्यायचा नाही असं ठरवलं आणि घेतला.

"मास्तर," भावोजी म्हणाले, जणू कालच बोललो होतो. "ते आणलंय मी."

"कळलं मला."

"खोका फोडला परवा. खालच्या आळीतल्या इलेक्ट्रिशियनने जोडून दिलं. गंजलेलं नाही." मग आवाज उतरवून, "माझा चेंडू गटारात जातो हो सारखा. फळीच्या दोन्ही बाजूंना गटारं आहेत त्यांची. एकही बाटली पडत नाही. तुमची ताई कशी पाडायची कोणास ठाऊक."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाटल्या आपणहून उभ्या राहतात त्यात. रचायला कोणी लागत नाही, मास्तर. पण टाकायला दोघं लागतात." त्यांचा श्वास ऐकू येत होता. "येता का?"

माझ्या तोंडात पुष्कळ काही आलं होतं. पाच महिन्यांचं साठलेलं. त्यातलं काहीच न बोलता मी म्हणालो, "बघू."

शब्द तोंडातून गेल्यावर मला तो ऐकू आला.  पलीकडे मागे कुठेतरी टीव्हीतलं संगीत वाजत होतं, खेळ कोणीतरी पुढे खेळेल म्हणून वाट बघत असतो तेव्हाचं असावं. मग अगदी हळू, ओटीवर बसून सुपारी खाली ठेवताना कोणी विचारावं तसं, भावोजी म्हणाले,

"बघू म्हणजे... कधी?"

मी घड्याळाकडे पाहिलं. श्रीवर्धनची गाडी पावणेअकराला होती. "गोधडी घालून ठेवा टीव्हीखाली," मी म्हटलं. "निघतो."